दुप्पट ताकदीचा पंप

४ मे, सोमवार

पंप गेला! सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. वेळ इतकी अचूक सांगता येते, कारण ही तेव्हा इमारतीच्या पोहण्याच्या तलावात होती आणि तिनेच वर येऊन बातमी दिली. अंगाभोवती टॉवेल, केसांतून पाणी ठिबकतंय, चेहरा दुखवट्याला जाऊन आल्यासारखा. "अहो, तुमचा पंप आधी खोकला, मग किंचाळला, आणि मग काहीच नाही."

माझा पंप! कमिटीचा चिटणीस झाल्यापासून या इमारतीत जे जे बिघडतं ते माझं असतं. चालतं ते अध्यक्षांचं.

खाली गेलो. तलावाचं पाणी गाळणाऱ्या या पंपाची खोली म्हणजे जिन्याखालचं बीळ. ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं. जळक्या रबराचा वास आणि पंपाखाली पाण्याचं थारोळं. वॉचमन दारात हात बांधून उभा. म्हणाला, "गेला, साहेब."

तेवीस वर्षं वर्तमानपत्राची बातमीदारी करतोय. इतकी नेटकी बातमी मला एकदाही साधली नाही.

५ मे, मंगळवार

मेस्त्री आला. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. पंपाशी बोलतो — माणसांशी बोलण्यापेक्षा अदबीने. उघडून बघितलं, हुंगलं, मान हलवली. दांड्याचं सील फाटून पाणी मोटारीत शिरलं आणि आतली तार जळली. "ही मोटार नव्या तारेने भरून घेण्यात अर्थ नाही, पेपरवाले साहेब. म्हातारी होती. सुखाने जाऊ द्या."

दुकानात फोन लावला. तेवढ्याच ताकदीचा, म्हणजे एक हॉर्सपॉवरचा, पंप यायला तीन आठवडे. दोनचा मात्र समोर मांडणीवर आहे. उद्या न्या.

तलावाच्या कडेला हिरवी साय धरायला लागलीय. ही बाल्कनीतून खाली बघते आणि उसासे टाकते. दोन वर्षांपूर्वी पाठीचा मणका सरकला, तेव्हापासून डॉक्टरांनी हिला पोहायला लावलंय. गोळ्यांनी झालं नाही ते पाण्याने केलं. पोहून झालं की खोल टोकाला बुडी मारते, तळाची जाळी धरून बसते आणि चाळीस आकडे मोजून वर येते. मी एकदा विचारलं, खाली करतेस काय?

"ऐकते."

"काय?"

"काहीच नाही. तेच तर सुख!"

माझ्या बोलघेवडेपणावर इतकी संयमित टीका आजवर कोणी केलेली नाही.

६ मे, बुधवार

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात कमिटीची बैठक. अध्यक्ष निवृत्त कारखाना-व्यवस्थापक. बसले तरी उभे असल्यासारखे वाटतात. तीन आठवडे थांबायचा प्रश्नच नाही, २४ तारखेला मुलांच्या पोहण्याच्या शर्यती आहेत, पाहुणे ठरलेत. "दोनचा घ्या. दुप्पट ताकद, निम्म्या वेळात पाणी काचेसारखं. यात विचार कसला?"

मेस्त्री दाराशी चपला काढून उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं, मीही नाही. तो तिथूनच बोलला. "साहेब, पंप ढकलतो तेवढंच ओढतोही. तळाला पाणी ओढायचं एकच तोंड उरलंय. दुसरं होतं, फरशा बदलल्या तेव्हा कोणीतरी बुजवून टाकलं. जाळी पण चपटी. दोनचा लावलात तर ते तोंड नुसतं पाणी नाही ओढणार. जे सापडेल ते धरेल, आणि सोडणार नाही. आधी दुसरं तोंड उघडा, फुगीर जाळी घाला, मग हवा तेवढा पंप लावा."

अध्यक्ष म्हणाले, "तुला पंप बसवायला बोलावलंय. भीती बसवायला नाही."

सगळे हसले. वाक्य चांगलं होतं. मीही हसलो — वाक्याला.

निघताना मेस्त्रीने मला जिन्यात गाठलं. "मी बोललो ते तुमच्या कागदात लिहा बरं का. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात नको." लिहितो, म्हटलं.

७ मे, गुरुवार

इतिवृत्त लिहिलं. दीड तासाची वटवट एका पानात! माझ्या संस्कृतच्या गुरुजींचं म्हणणं, अर्धी मात्रा वाचली तरी व्याकरणकाराला मुलगा झाल्याचा आनंद होतो. आम्हाला मूलबाळ नाही. मी मात्राच वाचवत आलो.

मेस्त्रीचा भाग असा झाला: "पंप बसविणाऱ्याने काही तांत्रिक सूचना केल्या, त्यांची नोंद घेण्यात आली." आधी सगळं लिहिलं होतं. तोंड, जाळी, धरेल, सोडणार नाही. पण ते वाचताना फार — काय म्हणावं — भडक वाटत होतं. इतिवृत्ताला एक सूर असतो.

हिने चहा पिता पिता वाचलं. "मेस्त्री एवढंच बोलला?"

"सारांश आहे तो."

"तुमच्या सारांशात माणसं नेहमी एवढीच बोलतात. मीसुद्धा."

अध्यक्षांना पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर: "उत्कृष्ट."

८ मे, शुक्रवार

पाणी पालकाच्या रसासारखं. डासांची मात्र चंगळ.

१० मे, रविवार

नवा पंप बसला. काळाभोर, दणकट, जुन्याच्या दीडपट. मेस्त्रीने दिवसभर खपून पाइपाला पाइप जुळवला. पाइप तेच, जुने. सुरू केला तेव्हा जिन्याखालची भिंत क्षणभर थरथरली, आणि खोलीतल्या बल्बने डोळा मिचकावला.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्ही वाजवल्या. मेस्त्रीने नाही. तो हत्यारं पुसत होता.

"लिहिलंत ना?" त्याने जाताना विचारलं.

"नोंद घेतलीय," मी म्हणालो. शब्दशः खरं!

११ मे, सोमवार

पाणी निवळलं. एका रात्रीत! तळाच्या फरशांमधल्या रेघासुद्धा दिसतात. अध्यक्ष काठावरून अशा थाटात फिरत होते, जणू पाणी त्यांनी स्वतः गाळलं.

पण आवाज. काठाला, पाण्याच्या पातळीशी एक खाच आहे. वरचा पालापाचोळा तिथून ओढला जातो. ती खाच आता सारखी घोटघोट करते. मोठ्या पंपाला पाणी पुरत नाही म्हणून तो हवा गिळतो, असं वॉचमनचं शास्त्र. तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांची खिडकी नेमकी त्या खाचेवर. सकाळीच दार वाजवलं. "दिवसभर लोकांच्या तोंडात नळ्या घालून हाच आवाज ऐकते हो मी. घरी तरी नको!"

त्यांच्या मागे त्यांची लेक उभी. आठ वर्षांची, नाव काही का असेना, सगळी इमारत बेडकी म्हणते. शाळा सुटली की पाण्यात, आई हाका मारून थकली की बाहेर. मला श्लोककाका म्हणते.

"श्लोककाका, बेडकीला संस्कृतमध्ये काय म्हणतात?"

"मंडूकी."

"आणि गप्प बस?"

"तूष्णीं भव."

लगेच आईकडे वळून वापरलं. आजकालचे विद्यार्थी असते असे, तर भाषा मृत कशी झाली असती!

१२ मे, मंगळवार

आवाजाचा बंदोबस्त केला. स्वतः! पंपाच्या खोलीत दोन व्हॉल्व्ह आहेत, एक काठाच्या खाचेचा, एक तळाचा. वॉचमनला घेऊन गेलो. खाचेचा थोडा आवळला — घोटघोट कमी. आणखी आवळला — बंद. पार बंद केला. पंपानेही सुस्कारा सोडल्यासारखा सूर बदलला, खालचा, भरदार. आता सगळं पाणी तळातून येतं. बिनबोभाट.

डॉक्टरीणबाईंनी वाकून नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला. "साहित्यिक माणूस, पण हाताने काम करतो!" म्हणाल्या. साहित्यिक नव्हे, बातमीदार, असं सांगणार होतो. पण प्रशस्तीपत्रात दुरुस्त्या सुचवू नयेत.

१४ मे, गुरुवार

बाल्कनीतून मुलांचा नवा खेळ पाहिला. खोल टोकाला काठावर पालथं पडायचं, एकेक पान पाण्यात सोडायचं आणि बघत राहायचं. पान आधी उगाच घिरट्या घालतं, मग काहीतरी आठवल्यासारखं थेट खाली जातं आणि जाळीवर पसरून बसतं. बेडकी प्रत्येक पानाला ओरडते, "घे, जेव!" जाळीवर पानांचा बराच थर झालाय. संध्याकाळी वॉचमन लांब काठीने खरवडत होता. निघता निघेना.

"भुकेला आहे, साहेब," तो म्हणाला.

एका मुलाची रबरी टोपीही गेली म्हणे. आहे तिथेच, चिकटून. पंप थांबेल तेव्हा निघेल.

१५ मे, शुक्रवार

आज जे पाहिलं ते मनातून जात नाही. लिहून बघतो.

मेस्त्री पाच दिवसांनी सील तपासायला आला. खोलीत वाकून शिरला आणि तिथेच थांबला. "हा वरचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला?"

मी म्हटलं, आवाज होत होता.

तो बाहेर आला, वॉचमनकडून फरशी पुसायचं फडकं मागितलं, काठीच्या टोकाला बांधलं, आणि खोल टोकाला काठीसकट खाली सोडलं. जाळीपासून वीतभर असेल. काठी हातातून हिसकावल्यासारखी गेली. थप्प! खरं तर आवाज झालाच नाही. हातालाच कळला.

"ओढा," तो मला म्हणाला.

ओढली. वॉचमन आला, दोघांनी ओढली. काठी वाकली, फडकं हललं नाही. मग मेस्त्री सावकाश चालत गेला, पंप बंद केला, सावकाश परत आला. काठी आपसूक वर आली. फडक्यावर जाळीची नक्षी उमटली होती, तव्यावर काहीतरी करपल्यासारखी.

"फडकं होतं म्हणून बरं," तो म्हणाला.

मी विचारलं, वरचा व्हॉल्व्ह उघडू का?

"उघडा. पंप हवा ओढेल आणि आठ दिवसांत जळेल. बंद ठेवा, तळ ओढेल. साहेब, हा पंप या तलावाचा नाही. फुगीर जाळी मागवा. दहा-बारा दिवस लागतील. तोवर कोणालाही पाण्यात सोडू नका." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "कमिटीला माहीत आहे ना? कागदात आहे ना?"

आहे, म्हणालो.

मी पुन्हा खोलीत गेलो आणि पंप चालू केला. का केला? चालू होता म्हणून.

संध्याकाळी अध्यक्षांना फोन. शांतपणे ऐकून घेतलं, हेच वाईट लक्षण. "चिटणीस, जाळी मागवा. लगेच मागवा. पण तलाव बंद? शर्यतींच्या तोंडावर? आणि बंद का, असं लोक विचारतील. मी इतिवृत्त दाखवीन. त्यात धोक्याचा उल्लेख नाही. व्हॉल्व्ह कोणी फिरवला तेही विचारतील." मग अगदी जिव्हाळ्याने: "तुमच्यासाठीच म्हणतो."

जाळी मागवली. २६ तारखेला येईल.

१६ मे, शनिवार

हिला उथळ बाजूला ठेवायचा प्रयत्न. सकाळी म्हटलं, अगं, खोल पाण्याने कानाला त्रास होतो म्हणे, मी कुठेतरी वाचलं.

"कुठे?"

"कुठेतरी."

"बातमीदाराचं 'सूत्रांनुसार' का?" — आणि गेली.

मी बाल्कनीत. तिची बुडी. आकडे मोजले. चाळीस. एकेचाळीस, बेचाळीस. अठ्ठेचाळीसला डोकं वर आलं. मी कठडा इतका घट्ट धरला होता की हाताला रंग लागला.

वर आल्यावर हसत होती! उजव्या हाताची बोटं पुढे केली. पेरांवर लाल आडव्या रेघा. "आज जाळीने हात धरला माझा. सोडेचना. पंचवीस वर्षांत तुम्ही कधी एवढ्या जोरात धरला नाहीत हो!"

मी काय बोललो? "तेल लाव," म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं. पण हिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. ही एक प्रश्न विचारत नाही, सहा विचारते. मेस्त्री काय म्हणाला होता? मग तुम्ही काय लिहिलंत? का? आणि मग ही गप्प बसणार नाही. मजल्यामजल्यावर जाऊन सांगेल. आधी डॉक्टरीणबाईंकडे. बरोबरच आहे तिचं. म्हणूनच सांगता येत नाही.

१७ मे, रविवार

उपाय सापडला.

ही सहाला उतरते, पाऊण तासाने वर येते. मी पावणेसहाला उतरलो. फिरायला जातो, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा! ती बघतच राहिली. पंपाच्या खोलीत गेलो, बटण दाबलं. पंप दम टाकत थांबला. अंधारात उलट्या बादलीवर बसून राहिलो. भिंतीपलीकडे तिच्या हातापायांचा सपसप आवाज. मग बुडी — शांतता. मी इकडे आकडे मोजतो. चाळिसाला पाण्याचा आवाज. जीव भांड्यात पडला.

पावणेसातला पंप पुन्हा सुरू. चहाच्या वेळेला घरी.

"कुठवर गेला होतात?"

"फार लांब नाही."

१८ मे, सोमवार

पावणेसहा ते पावणेसात. बादली. चाळीस. ठीक.

१९ मे, मंगळवार

ही खूश आहे. माझ्या फिरण्याची बातमी बहिणीला फोनवर सांगत होती. "अगं, पन्नाशीत माणूस सुधारतो म्हणजे बघ!" मी पेपर तोंडापुढे धरला. शिवाय म्हणते, पाणी सकाळी किती निवांत असतं अलीकडे. जाळी हात धरत नाही. "रुसली बहुतेक."

वॉचमनला मात्र माझं गुपित कळलं. खोलीच्या दाराशी विचारलं, "साहेब, रोज का बंद करता?"

"मोटारीला विश्रांती."

"बाईसाहेब पोहतात तेवढा वेळच?"

"तेवढीच पुरते."

त्याने मान डोलावली. तो जे समजायचं ते समजतो आणि उरलेलं मला समजू देतो.

२० मे, बुधवार

ऑफिसात दुसऱ्या गावच्या एका अपघाताची बातमी कापायला आली. जत्रेतल्या पाळण्याची नव्हे, विहिरीची नव्हे, एका कारखान्यातली. दोनशे शब्दांची साठ करायची होती. "कामगारांनी याबाबत आधी तक्रार केली होती, असे समजते" — या वाक्यावर पेन आलं. जागा नव्हती. नेहमी याच वाक्यावर जागा संपते.

ठेवलं. मग उपसंपादकाने काढलं.

घरी येऊन कमिटीला पत्र लिहायला बसलो. सगळं सरळ: मेस्त्रीचं म्हणणं मी कापलं, व्हॉल्व्ह मी फिरवला, तलाव बंद करा. तीन पानं झाली. वाचली. भाषा छान उतरली होती. तेवढ्यात ही आत आली म्हणून खणात ठेवली.

शास्त्रकार सांगतात, मौनाने सर्व कामं साधतात. कोणाची, ते सांगत नाहीत.

२१ मे, गुरुवार

जिन्यात बेडकी भेटली. पाण्याने निथळत, दात वाजताहेत, तरी तोंड चालू. शर्यतीत तिची शेवटची फेरी बुडीची आहे. तळावरून रिंगा गोळा करायच्या, जास्तीत जास्त. सराव चाललाय. "काका, खोल टोकाला कोणीच जात नाही. मीच जाते. तिथे पाणी हाक मारतं."

"काय म्हणतं?"

"ये म्हणतं."

मी हसलो. तिच्या डोक्यावर टपली मारली. केसांतलं पाणी हाताला लागलं.

आता लिहिताना वाटतंय, डॉक्टरीणबाईंना काहीतरी सांगावं. सर्दी होईल, वगैरे. पण खोल टोकाला पोहण्याचे शिक्षक असतात. असतातच ना? आणि जाळी मंगळवारी येते. मधे उरले किती दिवस! उद्या बोलतो. बाई दवाखान्यातून उशिरा येतात.

२२ मे, शुक्रवार

पावणेसहा. बादली. चाळीस. ही आज बेचाळिसाला वर आली, तर मी दारापर्यंत धावलो होतो. पाचव्या-सहाव्या दिवशीही सवय होत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या घराला कुलूप. रात्री उशिरा दिवा दिसला, पण इतक्या उशिरा दार काय वाजवायचं.

दुकानातून फोन होता. जाळी निघाली. मंगळवारी नक्की. मेस्त्रीला कळवलं. तो म्हणाला, "तलाव बंदच आहे ना?" मी म्हटलं, आमच्याकडून काळजी घेतली जातेय. फोन ठेवला आणि वाटलं, झालं, निभावलं. चार सकाळी उरल्या. चारच. संध्याकाळी पहिल्यांदाच नीट जेवलो. ही म्हणाली, "फिरण्याने भूक लागते बघा."

२३ मे, शनिवार

बेडकी. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. सरावात. वेणी जाळीत ओढली गेली.

ही भाजी घेऊन फाटकातून येत होती. नेसत्या कपड्यांनिशी उडी मारली. दोन्ही हातांनी ओढत होती, शिक्षक ओढत होते, सुटेना. वॉचमन पंपाच्या खोलीकडे धावला. पंप थांबला तेव्हा पोर वर आली. आपण होऊन.

रुग्णालयात आहे. श्वास यंत्रावर. डॉक्टर काही बोलत नाहीत.

मी पोचलो तेव्हा काठावर लोक वॉचमनची पाठ थोपटत होते, पंप बंद करायचं बरं सुचलं म्हणून. तो सरळपणे म्हणाला, "मला काय सुचतंय. साहेबांचं बघून. बाईसाहेब पाण्यात असतात तोवर साहेब रोज बंद ठेवतात."

ही वळली. अंगावरून पाणी गळत होतं.

"माझ्यापुरताच?"

मी हो म्हणालो.